नकाशातल्या फटी आणि हिंगणघाटची कबर

मंडळी, परवा इथं टाकलेला जिल्ह्याचा नकाशा मी काढून टाकला, ते काहींच्या लक्षात आलं. कारण सांगतो. चूक माझीच होती.

अतिवृष्टीच्या मदतीत कोणते तालुके बसले, कोणते नाही, हे रंगांनी दाखवायचं होतं. वर्धा जिल्ह्याचे आठ तालुके कोरलड्रॉवर एकेक करून गिरवले. मोबाइलवर छान दिसलं. रात्री एका शेतकऱ्याचा फोन आला, "भाऊ, आमचं गाव कुठं टाकलं तुम्ही? इकडंही नाही, तिकडंही नाही." मोठं करून बघितलं तर हिंगणघाट आणि समुद्रपूरच्या मधे पांढरी फट, आणि गाव नेमकं त्या फटीत. वर्धा-सेलूच्या सीमेवर उलटं, तिथं दोन रंग एकमेकांवर चढलेले.

सकाळी लग्नपत्रिका करणाऱ्या आमच्या डीटीपीवाल्याकडे गेलो. तो हसला. "भाऊ, सीमा एक आहे, तुम्ही ती दोनदा काढली. हात दोनदा सारखा चालते का?" मग दाखवलं. हिंगणघाट नीट गिरवायचा. समुद्रपूर काढताना सामाईक बाजूला तो मुद्दाम हिंगणघाटच्या अंगावर येऊ द्यायचा. आधी हिंगणघाट निवडायचा, शिफ्ट दाबून समुद्रपूर, आणि ट्रिम. वर चढलेला भाग कापला जातो आणि समुद्रपूरला हिंगणघाटचीच कड मिळते. म्हणजे आकार एकमेकांवर चढले तर हरकत नाही, ते कापता येतात. फट मात्र राहू द्यायची नाही.

घरी येताना वाटलं, हाच घोळ दोनशे वर्षांपूर्वी फार मोठ्या मापावर झाला होता. आणि तो सोडवणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात पुरलेला आहे.

जेम्स रेनेलचा हिंदुस्थानचा नकाशा 1782 सालचा. त्यात बराचसा भाग वाटावाटांनी केलेल्या मोजणीचा. मोजणीदार चाक फिरवत, होकायंत्र बघत रस्त्याने जायचे. प्रत्येकाची वाट वेगळी, चूकही वेगळी. ते तुकडे शेजारी ठेवून जुळवायचे म्हणजे माझे आठ तालुकेच!

विल्यम लॅम्बटन यांनी क्रम उलटा केला. 10 एप्रिल 1802 ला मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या बाजूला त्यांनी पायारेषा मोजायला घेतली. सुमारे साडेसात मैलांची एक रेघ, तिला 57 दिवस लागले. त्यानंतर लांबी मोजायची फारशी गरजच नाही. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट टेकडीवर, देवळाच्या गोपुरावर चढवायचा आणि फक्त कोन मोजायचे. एका त्रिकोणाची बाजू हीच पुढच्या त्रिकोणाची पायारेषा. गंमत इथं आहे, बरं का. दोन शेजारी त्रिकोणांची सामाईक बाजू एकदाच ठरते आणि दोघं तीच वापरतात. फट राहणार कुठून? शिवाय शेकडो मैल पुढं गेल्यावर पुन्हा एक रेघ जमिनीवर मोजून हिशेबाशी ताडून बघायची. आधी सगळा सांगाडा, मग आतले बारकावे.

हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी 1823 मधे लॅम्बटन हिंगणघाटला वारले. कबर तिथंच आहे. काम पुढं जॉर्ज एव्हरेस्ट यांनी चालवलं. शिखराला नाव त्यांचं लागलं, आमच्या वाट्याला कबर आली. शाळेत असताना यातलं एक अक्षर मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण शेतसाऱ्यासाठीची मोजणी निराळी, ती शेतापासून वर जाणारी. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातून 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत सुरू केली, तिची साखळी 33 फुटांची. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. गावाचा नकाशा गावापुरता. गावात सगळं जुळतं, शिवेवर दोन कागद शेजारी ठेवले की कुठं फट, कुठं एकावर एक. एकास दहा हजार मापाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटरची रेघ जमिनीवर पाच मीटर होते. पाच मीटरमधे बांध आला, विहीर आली, भावकीचं भांडण आलं. असे कागद नुसते स्कॅन करून संगणकावर चढवले तर भांडण मिटत नाही, फक्त रंगीत होतं.

अमेरिकेच्या जनगणना खात्याने 1967 मधे न्यू हेवन शहरात यावर संगणकासाठी उपाय केला. रस्त्याचा प्रत्येक तुकडा एकदाच नोंदवायचा आणि त्याच्या डावीकडे कोणता ब्लॉक, उजवीकडे कोणता, हे त्याच नोंदीत लिहायचं. डीटीपीवाल्याने मला तेच सांगितलं होतं, वेगळ्या शब्दांत.

काल रात्री बसून नकाशा नव्याने केला. आधी अख्खा जिल्हा, मग आतल्या रेघा, प्रत्येक रेघ एकदाच. त्या शेतकऱ्याला फोन लावला, म्हटलं, दादा, तुमचं गाव आता समुद्रपुरात आलं. ते म्हणाले, "आम्ही तर पहिलेपासून तिथंच हाओत. मदतीचं काय झालं ते सांगा."

त्याची चौकशी चालू आहे, कळलं की इथं टाकतो. नवा नकाशा खाली जोडलाय. कुणाचं गाव अजूनही चुकलं असेल तर कमेंटमधे लिहा.