कोळसा पेटतो कसा? भट्टी, शेगडी आणि स्टोकर

स्वयंपाकाचा गॅस घरोघरी पोहोचण्यापूर्वी मुंबई-पुण्याच्या चाळींमध्ये दिवसाची सुरुवात कोळशाची शेगडी पेटवण्याने होत असे. शेगडी गॅलरीत किंवा अंगणात न्यायची, जाळीवर करवंटीचे तुकडे आणि त्यांवर कोळसे रचायचे, खालच्या तोंडात पेटता बोळा सरकवायचा आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसायचे. आधी धूर होई, मग कोळशांवर निळसर ज्योती नाचू लागत आणि शेवटी निखारे लाल होत. त्यानंतरच शेगडी घरात जाई.

या साध्या वाटणाऱ्या कृतीत प्रश्न पुष्कळ आहेत. पेटता बोळा वर न ठेवता खाली का? निळी ज्योत कशाची? आणि शेगडी आधी बाहेरच का ठेवायची? या प्रश्नांची उत्तरे मिळायला रसायनशास्त्राला बराच काळ लागला. काही उत्तरांसाठी माणसांचे प्राणही गेले. हा इतिहास पाहण्यासाठी पेण आणि रोहा हे दोन तालुके फार सोयीचे आहेत. कोळसा तयार करणे, तो वाहून नेणे आणि यंत्रात जाळणे या तिन्ही गोष्टी तेथे एकाच परिसरात सापडतात.

हवा अडवणारी भट्टी

पेण-रोह्याच्या डोंगरांतून ऐन, धावडा, किंजळ यांसारख्या झाडांचे लाकूड मिळते. या लाकडाचा कोळसा पाडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने कातकरी समाजाने केले. लाकडाचे ओंडके एकमेकांना लागून रचायचे, त्यांवर गवत-पाल्याचा थर द्यायचा, तो मातीने लिंपून काढायचा आणि एका तोंडातून आग लावायची. हवा आत जावी म्हणून बाजूला मोजकी भोके ठेवायची आणि ती गरजेप्रमाणे उघडायची किंवा बुजवायची.

येथे उद्देश लाकूड जाळण्याचा नसतो. थोडेसे लाकूड जळते आणि त्या उष्णतेने उरलेले लाकूड हवेशिवाय भाजले जाते. प्रथम लाकडातील पाणी वाफ होऊन निघते, तेव्हा धूर दाट व पांढरा असतो. मग लाकडाचे रासायनिक विघटन होऊन डांबर, आम्ले आणि ज्वलनशील वायू बाहेर पडतात. धुराला पिवळट छटा येते. शेवटी धूर विरळ आणि निळसर होतो. बाष्पनशील पदार्थ संपत आल्याची ही खूण. आता भोके बुजवली नाहीत, तर तयार झालेला कोळसाच जळू लागतो आणि हाती राख येते. भट्टीला तडा गेला तरी तेच होते. म्हणून भट्टीवर रात्रंदिवस पहारा ठेवावा लागतो.

अशा मातीच्या भट्टीत पाच-सहा किलो लाकडामागे जेमतेम एक किलो कोळसा मिळतो. मग हा खटाटोप कशासाठी? वाळलेल्या लाकडाच्या एका किलोपासून सुमारे ४००० किलोकॅलरी उष्णता मिळते, तर चांगल्या लोणारी कोळशाच्या किलोपासून सुमारे ७०००. शिवाय कोळसा धूर कमी करतो, कुजत नाही आणि वाहून न्यायला हलका असतो. रस्ते नव्हते तेव्हा हा मुद्दा महत्त्वाचा होता. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातून (१९८१ पासून रायगड) मुंबईकडे जाणारा माल मुख्यतः खाड्यांतून गलबतांनी जाई. पेणला अंतोऱ्याचे बंदर आणि धरमतरची खाडी होती, रोह्याला रेवदंड्यापाशी समुद्राला मिळणारी कुंडलिका.

मुंबईची शेगडी अशा रीतीने या डोंगरांशी जोडलेली होती. मात्र कोळसा पाडणारी कुटुंबे स्वतः चुलीवर लाकूडफाटाच जाळत. पावसाळा संपला की घरदार उचलून भट्टीवर जायचे, त्याआधी मालकाकडून उचल घ्यायची आणि वर्षाअखेरीस ती फिटलेलीच नसायची, असा या धंद्याचा व्यवहार होता. वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ मध्ये झाला. परंतु उचलीच्या रूपाने चालणारी ही बांधिलकी त्यानंतरही अनेक भट्ट्यांवर दिसत राहिली. शेगडीतील स्वच्छ, बिनधुराच्या निखाऱ्याचा धूर आधीच कोणीतरी डोंगरात सोसलेला असे.

न पेटणारा दगड

दगडी कोळशाची गोष्ट वेगळी. भारतात राणीगंज भागात १७७४ मध्ये खाणकामाला सुरुवात झाली. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली आणि पुढे १८७० च्या दशकात चंद्रपूर भागातील वरोऱ्याच्या खाणीतूनही कोळसा निघू लागला. पण लाकडाची सवय असलेल्या माणसाला दगडी कोळसा पेटवणे सोपे जात नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात मिळते.

तेथील ‘अँथ्रासाइट’ हा अतिशय कठीण, चकचकीत कोळसा. त्यात बाष्पनशील पदार्थ फार थोडे, म्हणजे सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांपेक्षा कमी असतात. आपल्याकडील बिटुमिनी कोळशात ते वीस-तीस टक्के किंवा त्याहूनही अधिक असतात. तापल्यावर हेच पदार्थ वायुरूपाने बाहेर पडून आधी पेट घेतात आणि उरलेल्या कोळशाला पेटवतात. अँथ्रासाइटमध्ये हा आतला काकडाच नसल्यासारखा. भात्याने हवा मारून लोहार तो वापरत. पण घरच्या चुलाण्यात लाकडासारखा रचला, तर तो काही केल्या पेटत नसे. त्यामुळे सामान्य लोक त्याला निरुपयोगी दगड समजत.

विल्क्स-बॅरे या गावी खाणावळ चालवणाऱ्या न्यायाधीश जेसी फेल यांनी ११ फेब्रुवारी १८०८ रोजी हा कोळसा लोखंडी जाळीवर ठेवून, भात्याशिवाय, पेटवून दाखवला. त्यांची युक्ती म्हणजे आपल्या शेगडीचीच युक्ती! जाळीखाली मोकळी जागा ठेवली, की तापलेली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला ताजी हवा खालून निखाऱ्यांमधून ओढली जाते. आग स्वतःच स्वतःचा भाता चालवते. वर ठेवलेला कोळसा खालून येणाऱ्या उष्ण वायूंनी तापत जातो. बोळा खाली का ठेवायचा, याचे उत्तर येथे मिळते.

याच काळातील आणखी एक गोष्ट सांगितली जाते. फिलाडेल्फियाजवळच्या जोसाया व्हाइट यांच्या तारेच्या कारखान्यात कामगार रात्रभर अँथ्रासाइट ढवळत राहिले, तरी तो नीट पेटेना. शेवटी वैतागून त्यांनी भट्टीचे दार लावले आणि ते निघून गेले. थोड्या वेळाने पाहतात तो भट्टी लालबुंद! गोष्टीत मीठमसाला असेल, पण तिच्यातील विज्ञान खरे आहे. ढवळल्याने निखारे विखुरतात आणि थंड होतात. दार उघडे असले, की थंड हवा निखाऱ्यांमधून न जाता वरून निसटते. दार लावल्यावर सगळी हवा जाळीतूनच येते.

स्टोकर : माणूस आणि यंत्र

एक किलो कार्बन पूर्ण जळण्यासाठी सुमारे साडेअकरा किलो हवा लागते. आकारमानाने ती साडेनऊ-दहा घनमीटर होते. म्हणजे इंधनापेक्षा हवेचाच व्यवहार मोठा. बॉयलरच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकणाऱ्या कामगाराला इंग्रजीत ‘स्टोकर’ म्हणत. आगबोटींवर हेच काम करणारे आपले लोक ‘आगवाले’ म्हणून ओळखले जात आणि त्यांत कोकणातले कित्येक जण असत. भट्टीचे दार उघडून एकदम ढीगभर कोळसा टाकला, की आग थंडावते, बाहेर पडणाऱ्या वायूंना पेटण्याइतकी उष्णता मिळत नाही आणि चिमणीतून काळा धूर निघतो. थोडाथोडा, पातळ पसरून टाकला, तर धूर कमी होतो. हे कौशल्य तापलेल्या भट्टीसमोर तासन्‌तास उभे राहून कमवावे लागे.

जेम्स वॉट यांनी १७८५ मध्येच धूर कमी करणाऱ्या भट्टीचे एकस्व घेतले होते. ताज्या कोळशातून निघणारा धूर पेटत्या निखाऱ्यांवरून न्यायचा, म्हणजे तो तेथेच जळून जाईल, ही त्यातील कल्पना. १८४१ मध्ये इंग्लंडच्या जॉन ज्यूक्स यांनी सरकत्या जाळीचे एकस्व घेतले. सायकलच्या साखळीसारखी, पण रुंद अशी लोखंडी जाळी सावकाश पुढे सरकते. एका टोकाला तिच्यावर कोळशाचा थर पडतो, वरच्या तापलेल्या विटांच्या कमानीच्या उष्णतेने तो वरून पेटतो, खालून हवा मिळते आणि दुसऱ्या टोकाला राख गळून पडते. माणसाचे नाव मग यंत्राला मिळाले. पेनसिल्व्हेनियात तर घर ऊबदार ठेवण्यासाठी लहान स्टोकर-शेगड्याही वापरात आल्या. त्यांत कोळसा आपोआप सरकतो आणि पंखा हवा पुरवतो.

धुराचा प्रश्न मुंबईतही होताच. गिरण्यांच्या चिमण्यांमुळे तेथे १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. बॉयलरच्या सुरक्षिततेसाठी देशभरातील निरनिराळे कायदे एकत्र करून १९२३ चा बॉयलर कायदा झाला आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

पहिल्यांदा पेटवताना

रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. अशा कारखान्यांना वाफ लागते आणि वाफेसाठी बॉयलर. विटांचे अस्तर असलेली नवी भट्टी पहिल्यांदा पेटवताना ती कधीही एकदम पूर्ण तापवत नाहीत. आधी जाळीवर लाकडाचा लहानसा जाळ करतात आणि तापमान टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात; यात काही दिवसही जातात. कारण उघड आहे. विटांमध्ये आणि त्यांच्या सांध्यांमध्ये पाणी मुरलेले असते. पाण्याची वाफ झाली, की तिचे आकारमान सुमारे १७०० पट होते. वाफेला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तर अस्तराला तडे जातात, कपचे उडतात.

मातीचे अस्तर असलेली नवी शेगडी आधी सावलीत वाळवून, मग थोड्याशा निखाऱ्यांवर धरून घ्यायची, ही घरातील रीत याच नियमावर उभी आहे. प्रमाण बदलले, नियम तोच.

निळी ज्योत

आता निळ्या ज्योतीकडे वळू. शेगडीच्या तळाशी भरपूर हवा असते. तेथे कार्बन जळून कार्बन डायॉक्साइड होतो. हा वायू वरच्या तापलेल्या कोळशांमधून जाताना आणखी कार्बन घेतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. वर पोहोचल्यावर त्याला हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली, तर तो निळ्या ज्योतीने जळतो आणि पुन्हा कार्बन डायॉक्साइड होतो. कार्बनचा डायॉक्साइड होताना जेवढी उष्णता मिळते, तिच्या तीस टक्क्यांहूनही कमी उष्णता मोनॉक्साइडवर थांबल्यास मिळते. म्हणून न जळलेला मोनॉक्साइड म्हणजे वाया गेलेले इंधन.

ते केवळ वाया जात नाही. हा वायू रक्तातील प्राणवायूला हुसकावून लावतो, हे क्लोद बेर्नार यांनी १८५७ मध्ये दाखवले. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून त्याच्या परिणामांचे मोजमाप केले. हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा त्याची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. त्याला रंग नाही, वास नाही.

विद्यार्थ्यांकडून एक हिशोब जरूर करून घ्यावा. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत सुमारे २८,००० लिटर हवा असते. शेगडीत अर्धा किलो कार्बन आहे आणि त्याच्या फक्त दहाव्या भागाचा, म्हणजे ५० ग्रॅमचा, मोनॉक्साइड झाला असे समजा. त्यापासून सुमारे १०० लिटर वायू तयार होतो. खोली पूर्ण बंद असेल, तर हवेतील त्याचे प्रमाण ०.३५ टक्के भरेल. एवढ्या प्रमाणात अर्ध्या तासाच्या आसपास प्राण जाऊ शकतो.

पेटताना आणि विझताना शेगडीचा वरचा थर थंड असतो, म्हणून या दोन वेळा विशेष घातक. शेगडी बाहेर पेटवण्याची रीत शहाणपणाची होती ती यामुळे. पण लाल निखारा धूर देत नाही म्हणजे तो निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून शेकासाठी ठेवलेली शेगडी, थंडीत झोपताना खोलीत घेतलेले निखारे यांमुळे आजही माणसे दगावतात. डोके दुखणे, मळमळणे, गळून जाणे ही लक्षणे दिसताच माणसाला मोकळ्या हवेत आणून डॉक्टरांकडे न्यावे. शेगडी घरात ठेवायचीच असेल, तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर गेलीच पाहिजे.

वर्गात काय करता येईल?

कठीण काचेच्या परीक्षानळीत वाळक्या काडीचे तुकडे घालून नळी तापवावी. तोंडाशी आधी पाण्याचे थेंब, मग पिवळट धूर आणि शेवटी नळीत कोळसा उरतो. डोंगरातील भट्टी हातात आल्यासारखी दिसते. दुसरा प्रयोग शाळेच्या मोकळ्या पटांगणात शिक्षकांनी स्वतः करावा. मातीची दोन सारखी भांडी घेऊन एकाच्या तळाला भोके पाडावीत आणि ते विटांवर ठेवावे. दोन्हींत सारखेच पेटते कोळसे घालावेत. कोणते भांडे लवकर लाल होते, त्याची विद्यार्थ्यांनी नोंद करावी.

पेणच्या विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट दाखवता येईल. खाड्यांतून एके काळी कोळसा मुंबईकडे जात असे; आता धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी परदेशी दगडी कोळसा आत येतो. तेथील कोक भट्ट्यांमध्ये तो हवेशिवाय भाजून कोक तयार करतात. कातकऱ्याची मातीने लिंपलेली भट्टी आणि ही प्रचंड भट्टी यांचे रसायनशास्त्र एकच आहे. आमच्या मते, हे दोन्ही शेजारी ठेवून शिकवले, तर हवेचा हिशोब विद्यार्थी विसरणार नाहीत; आणि भोके बुजवीत रात्र जागणाऱ्या माणसाला रसायनशास्त्राच्या इतिहासात त्याची जागाही मिळेल.