दीर्घकालीन समभागगुंतवणूक

चालत्या कंपनीचे समभाग घेऊन ते वर्षानुवर्षे, बरेचदा एका पिढीकडून दुसरीकडे जाईपर्यंत, न विकता सांभाळण्याची पद्धत. यातली मिळकत कंपनीच्या वाढत्या नफ्यातल्या वाट्यातून येते. बाजारभाव त्यामागून, कधी फार उशिराने येतो.

या पद्धतीचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण जळगाव जिल्ह्यातील अमळनेर. महंमद हाशम प्रेमजी यांनी डिसेंबर 1945 मध्ये येथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तुपाची कंपनी काढली. हीच पुढची विप्रो. गावातल्या अनेक घरांनी तिचे शेअर घेतले आणि ठेवून दिले. 1966 मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजींनी कारभार हाती घेतला. तुपासाबणाची कंपनी पुढे संगणकाकडे वळली. 1980 साली ज्याच्याकडे 100 शेअर होते आणि ज्याने एकही विकला नाही, त्याचे बक्षीस समभाग व दर्शनी किमतीचे विभाजन धरून 2010 पर्यंत 96 लाख आणि 2019 पर्यंत 2 कोटी 56 लाख शेअर झाले. ही संख्या ऐकून दिपायला होते, पण बक्षीस समभागाने संपत्ती वाढत नाही. भाकरीचे दोनाचे चार तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही. पीठ वाढले ते कंपनीने नफा पुन्हा धंद्यात घातल्यामुळे, आणि मधल्या काळात कुणी डबा उघडला नाही म्हणून. घरखर्चाला, लग्नाला, विहिरीला म्हणून ज्यांनी मध्येच शेअर मोडले, त्यांची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

एका कंपनीऐवजी सगळा बाजार धरला तरी कल तोच दिसतो. 1978-79 हे पायाभूत वर्ष 100 मानणारा मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स सप्टेंबर 2024 मध्ये 85,000 च्या पुढे गेला. ही वाढ वर्षाला सुमारे 16 टक्के चक्रवाढीची, तीही लाभांश न धरता. मात्र वाट सरळ नव्हती. जानेवारी 2008 मध्ये 21,000 ओलांडलेला निर्देशांक ऑक्टोबरात 8,000 च्या खाली आला, आणि जुनी उंची त्याने कायमची मागे टाकली ती 2013 च्या अखेरीनंतर. पाच वर्षांत लागणारा पैसा येथे ठेवू नये, ते याचसाठी.

खरेदी-विक्री कमी म्हणून दलाली वाचते. करही हलका पडतो : 23 जुलै 2024 पासून सूचिबद्ध समभाग वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर 20 टक्के, वर्षानंतर विकल्यास सव्वा लाखावरील नफ्यावर साडेबारा टक्के. न विकलेल्या समभागाच्या वाढीवर कर नाही. करात गेली असती तेवढी रक्कमही वाढतच राहते.

धरून बसणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. 1986 मध्ये सेन्सेक्स सुरू झाला तेव्हा हिंदुस्तान मोटर्स आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स त्यात होत्या; त्यांच्या अँबेसेडर आणि पद्मिनी या मोटारी दोन्ही पुढे बंद पडल्या. अमळनेरची कथा आपल्यापर्यंत पोचली, कारण ती कंपनी टिकली.

ट्रंकेत विसरलेल्या कागदी प्रमाणपत्रांचा प्रश्न वेगळाच. सलग सात वर्षे लाभांश उचलला नाही, तर ते समभाग सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. वारसांना तेथे अर्ज करून ते परत मागता येतात.