चमचा, मेणबत्ती आणि मूत्रपिंड

भालचंद्र गणपतीसाठी प्रसिद्ध असलेले लिंबागणेश हे गाव बीड जिल्ह्यात आहे. दसऱ्यानंतर या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडणीला बाहेर पडतात. उन्हातले कष्ट, अपुरे पाणी आणि अंगदुखीवर घेतलेल्या गोळ्या या साऱ्यांचा ताण मूत्रपिंडांवर पडतो. मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांत मधुमेह वा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडे निकामी होताना आढळली. उष्णता आणि शरीरातील पाणी घटणे हे त्याचे एक कारण मानले जाते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात दोन्ही मिळून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग रक्तात परत जातो आणि सुमारे दीड लिटर लघवी उरते. काही गाळण्या बंद पडल्या तर उरलेल्या जास्त काम करतात, म्हणून दुखणे जाणवत नाही. पायांवर सूज, मळमळ, थकवा जाणवू लागेपर्यंत बहुतेक गाळण्या गेलेल्या असतात.

हा मुका आजार प्रथम बोलका केला तो लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी. अंगावर सूज असलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन ते मेणबत्तीवर तापवत. अंड्याचा पांढरा बलक शिजावा तशी ती गढूळ होई. रक्तातले प्रथिन गाळणीतून निसटत असल्याची ती खूण होती. मृत्यूनंतर अशा रुग्णांची मूत्रपिंडे बिघडलेली आढळली. हे निष्कर्ष त्यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केले.

रोग ओळखता आला, पण उपाय नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनवले. १९४५ मध्ये त्यावर पहिला रुग्ण वाचला. परंतु दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे दीर्घकालीन रुग्णांना त्याचा उपयोग नव्हता. १९६० मध्ये सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी वापरली आणि वर्षानुवर्षे डायलिसिस करणे शक्य झाले.

आपल्याकडे हा शब्द गाजला तो जयप्रकाश नारायण यांच्या आजारात. जून १९७५ मध्ये त्यांना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाली तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर डायलिसिस सुरू झाले. पुढे लोकांच्या वर्गणीतून त्यांच्यासाठी यंत्र घेण्यात आले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. म्हणजे यंत्राच्या आधारे ते जवळजवळ चार वर्षे जगले.

मात्र यंत्र फक्त रक्त गाळते. मूत्रपिंडे रक्तपेशी वाढवणारे संप्रेरक तयार करतात, ड जीवनसत्त्व कार्यक्षम करतात आणि रक्तदाब सांभाळतात. म्हणूनच अशा रुग्णाचे रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात, हृदयावर ताण येतो. शिवाय आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी चार तास, म्हणजे वर्षाला सुमारे १५६ वेळा यंत्रापाशी जावे लागते. सरकारी योजनेतून उपचार मोफत झाले, तरी खेड्यातल्या मजुराची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते, आणि सोबत येणाऱ्याचीही.

म्हणून ब्राइट यांचा चमचा आजही महत्त्वाचा आहे. वर्गात पाण्यात थोडा अंड्याचा पांढरा बलक मिसळून, गाळून, परीक्षानळीत तापवून दाखवा. गढूळपणा दिसला की त्यामागचा इतिहास सांगा. लघवीत क्षारांमुळेही गढूळपणा येतो, पण व्हिनेगरचे काही थेंब टाकताच तो नाहीसा होतो, प्रथिनाचा मात्र राहतो, हेही सांगा. आता चमच्याची जागा कागदी पट्टीने घेतली आहे, आणि रक्तातील क्रिएटिनीन मोजता येते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. हा निरोप मुलांमार्फत घरी पोचला, तर एखाद्या आईचा वा बापाचा आजार यंत्रापर्यंत जाण्याआधीच हाती लागेल.