एका कोंबडीचे ऋण

मानवी वैद्यकावर मुक्या प्राण्यांचे ऋण मोठे आहे. परंतु ते मान्य करताना मनुष्याचा अहंकार आड आल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. कर्करोगाच्या संशोधनात असेच एक प्रकरण घडले, ते विचारी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९०९ साली न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत पेटन राउस या तरुण संशोधकाकडे प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी आणण्यात आली. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. ही गाठ प्रयोगासाठी कोणी मुद्दाम उत्पन्न केलेली नव्हती. पाळलेल्या जिवाला आपोआप जडलेला तो रोग होता, आणि त्यातच त्याचे खरे मोल होते. राउस यांनी गाठीचे तुकडे त्याच वाणाच्या इतर कोंबड्यांत रुजवून पाहिले. पुढे गाठ कुटून तिचा अर्क त्यांनी इतक्या बारीक गाळणीतून गाळला, की पेशींची गोष्ट दूरच, जंतूही पलीकडे जाऊ नयेत. तो निवळ रस टोचला, तरी कोंबड्यांना कर्करोग झालाच! रोगाचे कारण पेशीहून सूक्ष्म अशा कशात तरी होते. तो विषाणू होय, हे मागाहून ठरले.

१९११ साली हा शोध प्रसिद्ध झाला. पण कोंबडीचा न्याय माणसाला कसा लावावा, असे म्हणून विद्वानांनी तो दृष्टीआड केला. ती गाठ कर्करोगाचीच नव्हे, असेही काहींनी ठरविले. खुद्द राउस यांनी काही वर्षांनी तो विषय बाजूस ठेवला. अखेर ५५ वर्षांनी, १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

याहूनही मोठे आश्चर्य पुढेच होते. त्या विषाणूतील रोगकारक जनुकाचे मूळ रूप निरोगी कोंबडीच्या पेशीतच असते, हे १९७६ साली बिशप व व्हार्मस यांच्या सहकाऱ्यांसह केलेल्या संशोधनातून दिसून आले. विषाणूने तो तेथूनच उचलला होता. तसाच जनुक मनुष्याच्याही पेशीत सापडला. कोंबडी व माणूस यांमध्ये विद्वानांनी उभारलेली भिंत अशी आतूनच ढासळली.

२००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने पाळीव कुत्र्यांच्या कर्करोगावरील उपचारांतून मनुष्यासाठी ज्ञान मिळविण्याचा उपक्रम आरंभिला. कुत्र्यांच्या हाडांचा कर्करोग मुलांच्या त्याच रोगाशी फार जुळतो. येथे कुत्रा हा रोगी म्हणून येतो, आणि मालकाची संमती घेऊन त्याच्यावर इलाज होतो. ज्ञान मिळवावे, पण ज्याच्यापासून ते मिळते त्याचाही रोग हटविण्याची खटपट करावी, हीच ऋण फेडण्याची खरी रीत होय.