दगडी छताचा भार

रोमनेस्क मंदिराची कल्पना यावी म्हणून ओझरकरांनीं नाशिकच्या पांडवलेण्यांतील अठरावें लेणें पाहावें. लांबट सभागृह, दुतर्फा खांब, वर अर्धगोल छत. आपल्या वेदीच्या जागीं तेथें स्तूप. एकानें दुसऱ्याचें अनुकरण केलें असें मात्र नव्हे.

लेण्याचा भार डोंगरच पेलतो. अकराव्या-बाराव्या शतकांतील युरोपीय गवंड्यास तो चिरा-चिरा रचून तोलावा लागे. लांकडी छपरें आगींत जळत, म्हणून त्यानें रोमन कमान पुन्हां हातीं घेतली. पण दगडी छत भिंतींना बाहेर रेटतें. त्यामुळें भिंती जाड, खिडक्या लहान, आंत अंधार. कित्येकांस तो उदास वाटतो. मला तर तो प्रार्थनेस अनुकूल वाटतो.

१०९३ सालीं आरंभलेल्या डरहॅमच्या मंदिरांत छतास दगडी फासळ्या आल्या, भार खांबांकडे वळला. आणि ११४४ सालीं पॅरिसजवळील सेंट डेनिसच्या वेदीमागें भिंतीच्या जागीं रंगीत कांच उभी राहिली.