सिल्व्हिया : एकट्या प्रौढेची व्यंगचित्रमालिका

अमेरिकन व्यंगचित्रकर्ती निकोल हॉलंडर (जन्म १९३९, शिकागो) यांची ‘सिल्व्हिया’ ही व्यंगचित्रमालिका १९८१ ते २०१२ या काळात अमेरिकेतील दैनिकांतून प्रसिद्ध होत असे. तिचे मूळ १९७०च्या दशकातील ‘द स्पोक्सवुमन’ या स्त्रीवादी नियतकालिकात आहे. तेथे मांडणीचे काम करताना हॉलंडर व्यंगचित्रे काढू लागल्या.

मालिकेची नायिका सिल्व्हिया ही तारुण्य ओलांडलेली, स्थूल, एकटी स्त्री. मुलगी रीटा आणि मांजरे हा तिचा गोतावळा. टंकलेखन यंत्रावर लिहिताना किंवा स्नानाच्या टबात पहुडलेली असताना ती दूरचित्रवाणीवरील बातम्या, जाहिराती आणि उपदेश यांना मोजक्या शब्दांत उत्तरे देते. चित्रांत हालचाल फारशी नसते; विनोदाचा सारा भार संवादावर असतो.

१९७६ मध्ये सुरू झालेल्या कॅथी गाइसवाइट यांच्या ‘कॅथी’ या लोकप्रिय मालिकेतील अविवाहित तरुणी वजन, प्रेम आणि आईच्या अपेक्षा यांच्या चिंतेत असे. सिल्व्हियाला अशी खंत नाही. सुधारणा तिच्यात नव्हे, तर तिला शहाणपण शिकविणाऱ्या जगात व्हावी, ही या मालिकेची भूमिका होय. वार्धक्याच्या अनुभवावर हॉलंडर यांनी २००७ मध्ये स्वतंत्र विनोदी पुस्तकही लिहिले.