बेने इस्रायल

बेने इस्रायल हा कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके वास्तव्य करून असलेला मराठीभाषक ज्यू (यहुदी) समाज होय. हिब्रू भाषेत या नावाचा अर्थ ‘इस्रायलची मुले’ असा होतो. भाषा, पेहराव व लोकाचार या बाबतींत हा समाज कोकणाशी समरस झाला. मात्र शनिवारचा शब्बाथ, सुंता, आहाराचे निर्बंध व ‘शमा’ ही प्रार्थना त्याने टिकवून ठेवली.

उगम व नामकरण

समाजातील परंपरागत कथेनुसार अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले व सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्या आगमनकाळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तेलाचे घाणे चालविणे हा त्यांचा प्रमुख व्यवसाय होता. शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ज्यू धर्माची माहिती नसलेल्या गावकऱ्यांनी या वेगळेपणाला आपल्या जातिव्यवस्थेच्या परिभाषेत दिलेले हे नाव होते. दिवेकर, पेणकर, केहिमकर, चेऊलकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडली.

सण व विधी

ज्यू सणांना त्यांनी मराठी नावे दिली. रोश हशाना म्हणजे ‘नव्याचा सण’, योम किप्पूर म्हणजे ‘दारफाळणीचा सण’, तर होळीच्या सुमारास येणारा पुरीम हा ‘होळीचा सण’ झाला. मंगलप्रसंगी पैगंबर एलिया यांच्या स्मरणार्थ गोड पोहे, ओले खोबरे व फळे यांचा ‘मलिदा’ अर्पण केला जातो. विवाहित स्त्रियांमध्ये मंगळसूत्राची प्रथा रूढ झाली. एकोणिसाव्या शतकात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

मुंबईतील पहिले सिनेगॉग, ‘शार हारहमीम’ (दयेचे द्वार), सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये उभारले. बेने इस्रायल सिनेगॉगला ‘मशीद’ असेही म्हणत.

भेदाभेद

शेजाऱ्यांकडून या समाजाचा धर्मच्छळ झाला नाही. तथापि सभोवतालच्या जातिभेदाचा प्रभाव त्याच्यावर पडला. समाजात ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन गट होते व त्यांच्यात विवाहसंबंध टाळले जात. पुढे मुंबईत स्थायिक झालेल्या बगदादी ज्यूंनीही बेने इस्रायलांपासून सामाजिक अंतर राखले.

इस्रायलमधील ओळखीचा प्रश्न

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर समाजातील बहुसंख्य लोक क्रमाक्रमाने तेथे स्थलांतरित झाले. तेथे त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका घेण्यात आली. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायल व्यक्तीचा अन्य ज्यूंशी विवाह नोंदविण्यापूर्वी तिच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश विवाह निबंधकांना दिले. कोकणात शनिवार पाळल्यामुळे वेगळे ठरलेल्या समाजाला आता कोकणी चालीरीतींमुळे परके ठरविले जात होते. त्याविरुद्ध समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायली संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू असून त्यांना समान हक्क असल्याचा ठराव केला. त्यानंतर धर्मपीठाने निर्देशांतून समाजाचे नाव वगळले.

योगदान

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाचा इतिहास लिहिला. तो १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या पुढाकाराने मुंबईत १८७५ मध्ये समाजाची शाळा सुरू झाली. डॉ. ई. मोझेस हे मुंबईचे महापौर होते. कवी निस्सीम इझिकेल व चित्रपट अभिनेते डेव्हिड (डेव्हिड अब्राहम चेऊलकर) हेही याच समाजातील होत.

सद्यस्थिती

आज भारतात या समाजाची अल्प लोकसंख्या प्रामुख्याने मुंबई, ठाणे, पुणे व रायगड जिल्ह्यात आढळते. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलमधील बेने इस्रायलांनी मलिद्याची प्रथा जपली असून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तेथे चालविले आहे.